वर्षाची खतावणी अशी घालावी

संवत २०८०, म्हणजे २०२३ च्या दिवाळीपासून २०२४ च्या दिवाळीपर्यंतचं गुजराती वर्ष, कसं गेलं असं विचारलं तर आमच्या वडोदऱ्याच्या कारेलीबागेत कुणीही एकच शब्द सांगेल: पूर. मीही तेच सांगायचे. मग दिवाळीनंतर कागद घेऊन बसले, तेव्हा कळलं की पुराला माझ्या वर्षातले चार दिवस लागले होते. बाकीच्या साडेतीनशे दिवसांचं काय झालं, ते मला सांगताच येत नव्हतं. तुमचंही असंच होत असेल तर हे करून बघा.

आधी वर्ष कुठून कुठपर्यंत, ते ठरवा. जानेवारी ते डिसेंबर शाळेत शिकलेलं, एप्रिल ते मार्च आयकराचं, पाडवा ते पाडवा पंचांगाचं. मी मांडवीजवळच्या एका पेढीवर बावीस वर्षं हिशेब लिहिले, त्यामुळे घर मराठी असलं तरी माझं वर्ष चोपडापूजनापासून (दिवाळीतली हिशेबाच्या वह्यांची पूजा) चोपडापूजनापर्यंत. कुठलंही घ्या, पण मध्येच बदलू नका.

मग आठवत बसू नका, कागद काढा. पासबुक, औषधांची बिलं, लग्नपत्रिका, गणेशमंडळाच्या वर्गणीची पावती, आणि मुख्य म्हणजे भिंतीवरची कॅलेंडरं. (रद्दीत घातली असतील तर तुमचं नशीब.) फोनमधले फोटो सगळ्यात शेवटी. फोटो आपण सणावारी काढतो, मंगळवारी सकाळी कोण काढतो?

माझ्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणा असतात, सिलिंडरची तारीख असते आणि एक लाल गोल असतो. तो कशाचा, हे बायकांना सांगायला नको. २०२४ चं पान न् पान उलटलं. जानेवारीत गोल, फेब्रुवारीत गोल, मार्चच्या १९ तारखेला गोल. पुढे एकही नाही. डॉक्टर म्हणतात, बारा महिने कोरडे गेले की पाळी गेली असं धरायचं. म्हणजे तेव्हा कुणालाच कळलेलं नव्हतं. वयाच्या पन्नासाव्या वर्षी एवढी मोठी गोष्ट झाली आणि त्या दिवशीची दुसरी नोंद काय, तर ‘दूध अर्धा लिटर जास्त’.

आता एका साध्या वहीत रोजमेळ लिहा. पुण्याकडे कीर्द म्हणतात तीच. एका ओळीत तारीख, काय झालं, सोबत कोण. विशेषणं लावायची नाहीत. ‘भयंकर रात्र’ असं लिहिलंत तर पुढच्या वर्षी काहीच कळणार नाही. माझी २७ ऑगस्टची ओळ अशी आहे: ‘पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीला. वीज नाही. आपल्याकडे १४ माणसं, खिचडी दोन वेळा.’ त्या दिवशी विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची खूण केव्हाच मागे टाकून ३५ च्या वर गेली होती, आणि खालच्या पार्किंगमध्ये मगर दिसली म्हणून पोरं ओरडत होती. मगर मी पाहिली नाही, म्हणून लिहिली नाही.

रोजमेळ झाला की खतावणी, म्हणजे प्रत्येक नोंद आपापल्या खात्यात मांडायची. मी तीनच खाती काढली: शरीर, काम, माणसं. इथे घाई करू नका, खरा वेळ इथेच लागतो. द्विनोंदी पद्धतीत एक नोंद दोन खात्यांत जाते, एकात नावे, दुसऱ्यात जमा, आणि ते दुसरं खातं शोधायला डोकं लागतं. सप्टेंबरात पेढीवरून फोन आला, ‘सध्या येऊ नका.’ तळाच्या फळीवरचे जुने चोपडे भिजले होते. ते वर ठेवा, असं मी दोन पावसाळे सांगत होते. ही नोंद मी रागारागाने कामाच्या नावे टाकली आणि वही मिटली.

दुसरं खातं सापडायला आठ दिवस लागले. घरी बसले होते म्हणून सोसायटीतल्या सहा बुडालेल्या गाड्यांचे विम्याचे फॉर्म मी भरले. चौघांनी मेकॅनिकची वाट पाहिली. दोघांनी पाणी ओसरताच चावी फिरवली, इंजिनात पाणी ओढलं गेलं, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसल्याने तो खर्च विम्यात बसला नाही. त्यातल्या एकाच्या गॅरेजवाल्याने माझी फाइल पाहिली आणि विचारलं, ‘बेन, आमचे हिशेब लिहाल?’ ऑक्टोबरपासून आठवड्याला तीन दिवस जाते. म्हणजे पेढीचा फोन कामाच्या नावे, पण जमा माणसांच्या खात्यात. हे लिहिताना हात थांबला, खोटं कशाला सांगू. पगार मात्र आधीपेक्षा कमी आहे, तोही लिहिलाय.

शेवटी येणं-देणं काढा. पैशांचं थोडंच निघतं. परत न केलेले डबे, न केलेले फोन, वाचायला आणून पडलेली पुस्तकं, हेच जास्त. जे फिटलं नसेल ते नव्या वहीत पुढे ओढायचं, पुसायचं नाही. पुरात खालच्या मजल्यावरच्या बांनी, म्हणजे आजींनी, आपला दहा लिटरचा कुकर वर आणला होता, तो अजून माझ्या माळ्यावर आहे. दोनदा द्यायला गेले, तर म्हणाल्या, ‘रहेवा दो ने,’ राहू द्या ना. म्हणून संवत २०८१ च्या पहिल्या पानावर, शुभ-लाभच्या खाली, देण्यात तो कुकर आहे. शिट्टी मी बदलून घेतली, साठ रुपये. ते मांडलेले नाहीत.