हळदीच्या पट्टीचा अमोनिया सेन्सर: माझा अनुभव

पोल्ट्रीच्या शेडमधला अमोनिया डोळे चुरचुरायच्या आत कळावा म्हणून मी स्वस्तातला सेन्सर बनवला. हळदीला चुना लागला की ती लाल होते; अमोनियानेही तेच होतं. हळदीच्या स्पिरिटमधल्या अर्कात फिल्टर पेपर बुडवला, वाळवून लवचीक प्लास्टिकवर चिकटवला. एका बाजूला हिरवा एलईडी, समोर उजेड मोजणारा फोटोडायोड. पट्टी लालसर झाली की हिरवा प्रकाश अडतो, रीडिंग उतरतं.

आठवड्यात पट्टी जवळजवळ मुकी झाली. वायरिंग दोनदा तपासलं, दोष तिथे नव्हताच. मग एक पट्टी खिडकीत ठेवली, एक ड्रॉवरमध्ये. खिडकीतली संध्याकाळपर्यंत फिकी! साडीवरचा हळदीचा डाग उन्हात उडतो, हे आईला केव्हाचं ठाऊक होतं.

पट्टी काळ्या पीव्हीसी नळीत बसवली, हवेसाठी तोंडं खाली वळवली. एलईडी मिनिटातून क्षणभरच लावतो आणि एलईडी बंद असतानाचं रीडिंग वजा करतो, म्हणजे चुकार उजेड मोजला जात नाही. ओलावा टिकावा म्हणून अर्कात ग्लिसरीनचे दोन थेंबही घातले. कोरडी पट्टी अमोनिया नीट धरत नाही.

पट्टी मात्र दर पंधरवड्याला बदलतोच.