चव्वेचाळीस छातीला टीशर्ट-जीन्स कुठून आणायची

“तुमच्या मापाचं नाही येत जी, गाऊन दाखवू का?” दारव्ह्याच्या दुकानातून हे ऐकून परतणाऱ्या तायांसाठी लिहितेय. मी लेडीज टेलर, स्वतः ४४ छातीची. गाऊन घरात ठीक, बाजारात मला टीशर्ट-जीन्सच लागते.

आधी टेप काढा. छाती, कंबर, सीट (म्हणजे बसायच्या भागाचा घेर) आणि दंड. आपल्यासारख्यांचा कपडा छातीपेक्षा दंडातच जास्त अडकतो. मग नीट बसणारा एखादा कुर्ता पलंगावर पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. माझा २४ भरतो, म्हणजे ४८. अंगापेक्षा चार इंच सैल. ऑनलाइन मापांचा तक्ता अंगाचा आहे की कपड्याचा ते आधी वाचून घ्या. कपड्याचा असेल तर हाच आकडा शोधायचा, अंगाचा असेल तर टेपने घेतलेला. थ्री एक्सएल, फोर एक्सएल या अक्षरांच्या नादी लागू नका, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

नागपूरला जाणं झालं तर वेस्टसाइडच्या दुकानात ‘जिया’ ब्रँड बघा, तो मोठ्या मापांचाच आहे. घरबसल्या ऑनलाइन ‘अमायडस’ हा ब्रँड मिळतो. घरच्या पुरुषमंडळींसाठी ‘जॉन प्राइड’.

ओव्हरसाइज टीशर्ट मी पुरुषांच्या रॅकवरून घेते. रंग बरे असतात, उगाच चमकी नसते. फक्त तो सीटवर ताणतो. त्यावर उपाय सोपा: दोन्ही बाजूंची शिवण खालून चार इंच उसवायची, कडा आत दुमडून टीप मारायची. बाजूला कटही होतो, चालायलाही मोकळं. वरून बटणं उघडी ठेवून सुती चेक्सचा शर्ट घाला, झालं शहरी.

जीन्स सीटच्या मापाने घ्या. कंबर आत घेता येते, सीट वाढवता येत नाही. रेडीमेडला माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, जवळजवळ नसतेच. कापडात दोनेक टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असलं की बसता-उठता येतं. नवी आणली की मांड्यांच्या आतल्या बाजूला जुन्या डेनिमचा तुकडा लावून घ्या, तिथेच आधी झिजते. आणि आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा पॉलिस्टर फुकट मिळालं तरी नको जी.

ऑर्डर करण्याआधी आपल्या पिनकोडवर परतीचा माल न्यायला येतात का ते तपासा. पार्सल आलं की लेबल न काढता घाला, हात वर करा, मांडी घालून बसा. काखेत ओढलं किंवा पाठ उघडी पडली, तर त्याच दिवशी परत टाका.