भायल्यांनीच केलं म्हणायच्या आधी: गोव्यातले गुन्ह्यांचे आकडे कसे वाचायचे

पेपरात घरफोडीची बातमी आली की दुपारच्या जेवणाआधी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकाल लागलेला असतो. भायले, म्हणजे गोव्याबाहेरून आलेले. मग कोणतरी स्क्रीनशॉट टाकतो, अटक झालेल्यांत परप्रांतीय अमुक टक्के, की विषय संपला. मी काही भायल्यांचा वकील नाही आणि परप्रांतीय गुन्हे करतच नाहीत असंही म्हणत नाही, पण तो टक्का वाचायचा कसा हे एकदा बघून घेतलं तर निदान भांडण तरी मुद्द्यावर होईल.

सगळ्यात आधी बघा भागिले काय केलंय. एनसीआरबी, म्हणजे दिल्लीचा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरो, दर काढतो तो एक लाख लोकसंख्येमागे. बायकांवरच्या गुन्ह्यांचा दर फक्त बायकांच्या लोकसंख्येवर, त्यामुळे हे दोन दर शेजारी ठेवून तुलना करू नका. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४,५८,५४५ होती आणि नंतरच्या वर्षांसाठी अंदाजित आकडा धरतात. पण इथे वर्षाला येणारे पर्यटक या आकड्याच्या कितीतरी पट! बागा बीचवर दिल्लीच्या पोराची बॅग गेली तर ती चोरी गोव्याच्या खात्यात चढते, तो पोरगा मात्र गोव्याच्या लोकसंख्येत कुठेच नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या कळंगुट आणि आतल्या भागातल्या सांगे पोलीस ठाण्यांचे आकडे समोरासमोर ठेवून 'बघा किती फरक' म्हणणाऱ्याला आधी विचारा, बाबा, डिसेंबरात कळंगुटात रात्री माणसं किती असतात?

दुसरं, आपलं राज्य लहान. खून वर्षाला काही डझनच होतात. समजा ३० चे ३६ झाले तर हेडिंग येणार 'खुनांत २० टक्के वाढ', आणि त्यातले दोन-तीन एकाच घरातल्या भांडणातले असू शकतात. गोव्यासाठी एका वर्षाचा टक्का बघूच नका, चार-पाच वर्षं एकत्र घेऊन बघा.

आता आकडा तयार कसा होतो ते. पोलिसांकडे नोंद झाली तोच गुन्हा मोजला जातो, हे एवढं सोपं वाक्य पण लोक विसरतात. स्कूटर चोरीला गेली की माणूस धावत ठाण्यात जातो कारण एफआयआरशिवाय इन्शुरन्सवाला पैसे देत नाही, म्हणून वाहनचोरीचा आकडा बऱ्यापैकी खरा. मोबाईल गेला तर? बरेच जण 'हरवला' म्हणून लिहून देतात, नवीन सिम घेतात आणि घरी जातात. मटक्याचं तर उलटंच, मटक्याची केस पोलिसांनी धाड घातल्याशिवाय होतच नाही, म्हणजे केसेस वाढल्या याचा अर्थ मटका वाढला असा नसून धाडी वाढल्या एवढाच (मटका आहे तिथेच आहे हे आपल्याला वेगळं सांगायला नको). ड्रग्जचंही बरंचसं तसंच. शिवाय एका एफआयआरमध्ये घरफोडी आणि खून दोन्ही असले तर एनसीआरबी फक्त मोठा गुन्हा मोजते, म्हणजे तो खुनात जातो आणि घरफोडी गायब. केरळचा दर वर्षानुवर्षं वर दिसतो त्यात तिथल्या नोंदणीचा मोठा हात आहे. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एनसीआरबी स्वतःच्या अहवालात लिहून ठेवते, पण ते पान कोण उघडतो! आणि १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आलीय, कलमं बदललीत, काही गुन्हे नव्याने घातलेत, तेव्हा त्याच्या आधीची आणि नंतरची वर्षं जोडताना सांभाळून.

तर तो परप्रांतीयांचा टक्का. तीन प्रश्न विचारायचे. एक, हा टक्का अटकेचा, आरोपपत्राचा की शिक्षा झालेल्यांचा? अटक म्हणजे संशय. तुरुंगातल्या कैद्यांचा असेल तर अजून गडबड, देशभरात तुरुंगातले साधारण चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला संपलेलाच नाही. आपल्या वाड्यावरचा पोरगा पकडला गेला तर संध्याकाळपर्यंत काका, पंच, ओळखीचा वकील सगळे ठाण्यात हजर. झारखंडातून आलेल्या मजुराला स्थानिक जामीनदार कुठून मिळणार, तो कोलवाळच्या तुरुंगात बसून राहतो. दोघांचा गुन्हा एकच असला तरी मोजणीच्या दिवशी आत मजूरच सापडतो.

दोन, तुलना कोणाशी? जगात कुठेही बघा, चोरी-मारामारीत पकडले जाणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यातही सतरा-अठरा ते तिशीच्या आसपासचे, वय वाढलं की प्रमाण उतरतं. आता वेर्णे-सांकवाळच्या बाजूला मजुरांच्या खोल्यांत राहतं कोण? बायको-पोरं, आईबाप गावी ठेवून आलेले तरुण पुरुष. आणि इकडे गोवेकरांत आजी-आजोबा भरपूर, तरुण पोरं पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला किंवा बोटीवर नोकरीला. म्हणजे एका बाजूला नुसते पंचविशीचे पुरुष आणि दुसऱ्या बाजूला आजी धरून अख्खं गाव, टक्का फुगणारच. बरोबर तुलना करायची तर वीस ते तिशीतले स्थानिक पुरुष घ्या आणि त्याच वयाचे बाहेरचे घ्या. अशी फोड केलेला स्क्रीनशॉट मला अजून कोणी पाठवलेला नाही.

तीन, शोधलं कुठे? चोरी झाली की आधी भाड्याच्या खोल्या तपासतात. जिथे जास्त शोधाल तिथे जास्त सापडणार, बंगल्यात कोण शोधतो.

हे झालं करणाऱ्यांचं. सोसणाऱ्यांचं गणित याहून महत्त्वाचं, आणि तिथेच सगळ्यात मोठं भोक आहे. बलात्काराच्या नोंदवलेल्या केसेसमध्ये आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण देशात नव्वद टक्क्यांच्या वर असतं: घरचा, शेजारचा, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. म्हणजे पोरीला 'त्या खोल्यांकडून जाऊ नको' सांगणं एक वेळ ठीक, पण धोका बहुतेक वेळा घरी चहा प्यायला येणाऱ्याचा असतो, त्याबद्दल घरात कधी बोलणं होतं का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कोणाची तरी मदत मागितली होती, आणि मदत मागितली म्हणजे बहुतेक वेळा माहेरी सांगितलं, पोलिसांपर्यंत पोचतात त्या अगदीच थोड्या. म्हणून घरगुती हिंसेसाठी पोलिसांचा आकडा एकटा कधीच वापरू नका, हे सर्वेक्षण सोबत ठेवा. अमेरिकेत १९७३ पासून घरोघरी जाऊन 'तुमच्यावर गुन्हा झाला का' असं नियमित विचारतात. आपल्याकडे असं दरवर्षीचं सर्वेक्षण नाही, त्यामुळे तुकडे जोडूनच काम चालवावं लागतं.

मजुराचंही तेच. ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार बुडवला तर ती चोरी म्हणून कुठेच चढत नाही.

गुन्हा कुठे आणि कधी होतो हे बघायला एक जुनी पण कामाची पद्धत आहे, १९७९ मध्ये कोहेन आणि फेल्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी मांडलेली: करायला तयार माणूस, घेण्यासारखी वस्तू आणि राखणदार नसणं, तिन्ही एकत्र आलं की गुन्हा होतो. चवथीला पर्वरीचा फ्लॅट बंद करून सगळे मूळ घरी, डिचोली-पेडण्याला जातात. दारात चार दिवसांचे पेपर साठलेले, गॅलरीतला दिवा दिवसाढवळ्या चालू. आता जमिनी बघा. ज्यांचे मालक वारले किंवा परदेशात आहेत अशा जमिनी खोट्या कागदांनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी सरकारला २०२२ मध्ये एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली. राखणदार नाही हे इथेही आहेच, फक्त या कामाला जुने पोर्तुगीज कागद समजणारा आणि कुठलं घर किती वर्षं बंद आहे हे माहीत असलेला माणूस लागतो. काल बसमधून उतरलेल्याला ते कसं माहीत असणार?

स्वतः आकडे काढायचे असतील तर एनसीआरबीच्या साइटवर 'क्राइम इन इंडिया'चे राज्यवार तक्ते फुकट मिळतात. ठाण्याप्रमाणे फोड हवी तर विधानसभा अधिवेशनातली लेखी उत्तरं चाळा. तिथेही नाही मिळालं तर आरटीआय टाका, दहा रुपये फी, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'गुन्हे किती' असं मोघम विचारू नका. ठाणं, महिना, गुन्ह्याचं कलम, आरोपीचं वय आणि लिंग, फिर्यादीचं वय आणि लिंग, असं सुटं सुटं लिहा, आणि 'आपल्याकडे ज्या स्वरूपात नोंद आहे त्याच स्वरूपात द्यावी' ही ओळ घालायला विसरू नका, नाहीतर माहिती संकलित केलेली नाही म्हणून अर्ज परत येतो.