मारुती ८००ची रेस अडकते तेव्हा: केबल बदलण्यापूर्वीची तपासणी

कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेल्या जुन्या मारुती ८००मध्ये ॲक्सिलरेटर पेडलवरून पाय काढल्यानंतरही रेस उतरत नसेल, तर गॅरेजमध्ये बहुधा पेडल आणि कार्ब्युरेटर जोडणाऱ्या केबलमध्ये चार थेंब तेल सोडून गाडी परत दिली जाते आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार पुन्हा उभी राहते. दोष पेडलमध्ये, केबलमध्ये की कार्ब्युरेटरमध्ये आहे, हे आधी ठरवल्याशिवाय तेल घालण्याला किंवा नवी केबल आणण्याला अर्थ नाही.

चालत्या गाडीत रेस अडकली, तर क्लच पूर्ण दाबून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा, ब्रेक एकदाच जोर देऊन दाबून ठेवावा आणि गाडी कडेला थांबल्यावर इंजिन बंद करावे. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नये, कारण थ्रॉटल (कार्ब्युरेटरमधली, रेस कमी-जास्त करणारी झडप) उघडा असताना ब्रेक बूस्टरला, म्हणजे ब्रेकला जोर पुरवणारा भाग गाडीत असेल तर त्याला, पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही आणि साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांतच संपतो. गाडी चालू असताना किल्ली काढली, तर स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो. दोष सापडेपर्यंत अशी गाडी रस्त्यावर नेऊच नये.

तपासणी इंजिन बंद आणि थंड असताना करावी. पायाखालची मॅट पेडलवर चढते का, हे पाहायला क्षणभर पुरतो आणि कित्येकदा काम तिथेच संपते. थंड इंजिन सुरू करताना ओढायचा चोक पूर्ण आत ढकललेला असावा. अर्धवट ओढलेल्या चोकमुळे वाढलेली रेस केबलच्या माथी मारली जाते. त्यानंतर कार्ब्युरेटरच्या बाजूने केबल सोडवून थ्रॉटलचा लिव्हर हाताने फिरवून सोडावा. तो खटकन मूळ जागी आला, तर कार्ब्युरेटर निर्दोष आहे. हा प्रयोग दोन-तीन वेळांपेक्षा अधिक करू नये, कारण प्रत्येक वेळी आत पेट्रोलची पिचकारी उडते. लिव्हर रेंगाळत असेल, तर शाफ्टवर चिकटा साचला आहे किंवा रिटर्न स्प्रिंग ढिली पडली आहे. पहिल्यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर वापरावा, दुसऱ्यासाठी स्प्रिंग बदलावी. मुद्दाम कडक स्प्रिंग बसवण्याची युक्ती मला मान्य नाही, कारण तिने दोष झाकला जातो आणि केबल लवकर झिजते.

आता केबल पेडलकडूनही सोडवून आतली तार दोन्ही टोकांनी ओढून पाहावी आणि पेडल नुसते हलवून त्याचा सांधा मोकळा आहे ना, हे तपासावे. तारेचे धागे सुटलेले दिसले, तर ते कापून वेळ न मारता केबल बदलावी. तार शाबूत असेल, पण जड चालत असेल, तर केबल उभी टांगून वरून पातळ तेल झिरपू द्यावे. ग्रीस भरू नये, त्यात धूळ बसते. केबल काढण्यापूर्वी ती कुठून कशी नेली आहे, याचा मोबाईलवर फोटो घ्यावा, कारण तीव्र वळण पडले किंवा ती गरम एक्झॉस्टला टेकली, तर नवी केबलही अडकते.

नव्या केबल वारंवार आखडत असतील, तर इंजिनाची अर्थिंग तपासावी. हे कारण क्वचितच कोणाला सुचते. इंजिनाला बॉडीशी किंवा बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी पट्टी गंजली वा तुटली असेल, तर स्टार्टर फिरताना लागणारा मोठा विद्युतप्रवाह परतीचा मार्ग शोधतो आणि तो ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जाऊ शकतो. केबल तापते, आतले प्लास्टिकचे अस्तर वितळते आणि तार त्यात चिकटते. सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागणे, ही त्याची खूण होय. मल्टिमीटर असेल, तर एक टोक इंजिनाच्या धातूला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी बदलावी आणि तिच्या जोडाखालचा रंग-गंज खरवडून धातू उघडा करावा. विशेषतः कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत हे जोड लवकर सडतात. इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा आधार, तुटलेले असेल, तर क्लच सोडताना इंजिन कलते आणि केबल ओढली जाते, म्हणून तेही हलवून पाहावे.

केबल बसवल्यावर थोडी ढिलाई ठेवून लॉक नट आवळावा. एकाने पेडल तळापर्यंत दाबावे आणि दुसऱ्याने थ्रॉटल पूर्ण उघडतो का व सोडताच पूर्ण मिटतो का, हे पाहावे. मग इंजिन चालू करून हीच खात्री न्यूट्रलमध्ये हलकी रेस देऊन आणि इंजिन चांगले तापल्यावर पुन्हा एकदा करावी, कारण काही केबल तापल्यावरच अडकतात.