आउटपुट ट्यूबा बदलण्याआधी

ट्यूबवर चालणाऱ्या ऑडिओ अँपच्या किटमधल्या चार ईएल३४, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट ट्यूबा, काढून तिथे केटी८८ नाहीतर ६एल६जीसी लावून बघायचा मोह कधी ना कधी होतोच. तिघींचं बूड एकच, आठ पिनांचं ऑक्टल, त्यामुळे ट्यूब सॉकेटात अलगद बसते. पण बसली म्हणजे चालली असं नाही. ६व्ही६सुद्धा तिथे बसते, आणि बारा-चौदा वॉटची ती बिचारी ईएल३४च्या व्होल्टेजवर बघता बघता लालबुंद होते. म्हणून नवी खोकी फोडण्याआधी कागद-पेन घ्या.

पहिला हिशेब हीटरचा. ६.३ व्होल्टवर ईएल३४ दीड अँपिअर खाते, केटी८८ १.६ आणि ६एल६जीसी फक्त ०.९. म्हणजे चार ईएल३४ना ६ अँपिअर पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला केटी८८साठी ६.४ द्यावे लागतील. त्याची तेवढी ताकद आहे का, ते किटच्या कागदपत्रांत शोधा. आकडा सापडला नाही आणि जुन्या ट्यूबांवरच तासाभरात ट्रान्सफॉर्मरवर हात ठेववत नसेल, तर केटी८८चा नाद सोडलेला बरा. ६एल६जीसीचं उलटं: भार कमी झाला की हीटरचं व्होल्टेज चढतं, ते ६.९च्या वर जाता कामा नये.

आता चेसिस उलटी करायची, पण त्याआधी प्लग भिंतीतून काढा, ट्यूबा गार होऊ द्या आणि फिल्टर कपॅसिटर रिकामे करा. स्विच बंद केल्यावरही त्यांत चारशे व्होल्ट टिकून राहू शकतात. दहा किलोओहम, पाच वॉटचा रझिस्टर चिमट्यांच्या तारांनी काही सेकंद लावून ठेवा, मग मीटरने मोजा. मोजल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, आणि मोजताना एक हात खिशात.

भिंग घेऊन पिन १ बघा. ईएल३४मध्ये तिच्यावर सप्रेसर ग्रिड (प्लेटजवळची जाळी) असते आणि ती पिन ८ला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडला, जोडावी लागते. ६एल६जीसीला तिचा काही उपयोग नसतो. त्यामुळे उलट ६एल६साठी बांधलेल्या किटमध्ये ईएल३४ लावणार असाल, तर तिथे ती पिन मोकळी असते, किंवा कुणीतरी दुसराच रझिस्टर टेकवायला ती वापरलेली असते. तो रझिस्टर न हलवता १ आणि ८ जोडलंत तर भलतंच काहीतरी कॅथोडला जाऊन मिळेल.

बायसला, म्हणजे ट्यूबचा करंट आवरणाऱ्या ग्रिडवरच्या ऋण व्होल्टेजला, सगळ्यात जास्त वेळ द्या. साडेचारशे व्होल्टच्या आसपास ईएल३४ला पस्तीस-चाळीस ऋण व्होल्ट पुरतात, बाकीच्या दोघींना पन्नासच्या घरात लागतात. जुन्या ट्यूबा जागेवर असतानाच बायसचा पॉट (फिरवून बदलता येणारा रझिस्टर) जास्तीत जास्त ऋण टोकाला न्या आणि पिन ५वर, म्हणजे त्या ग्रिडवर, मोजा. पन्नासपर्यंत पोचत नसेल तर बायस सर्किटमधला रझिस्टर आधी बदलावा लागेल. नवी ट्यूब पहिल्यांदा सुरू करताना पॉट त्याच टोकाला हवा. कॅथोड बायसच्या, म्हणजे कॅथोडच्या रझिस्टरवरूनच बायस मिळवणाऱ्या, किटमध्ये हा पॉटच नसतो, तिथे कॅथोड रझिस्टरची किंमत नव्याने काढायची.

करंटचं लक्ष्यही आत्ताच लिहून ठेवा. ईएल३४ची प्लेट, म्हणजे करंट गोळा करणारा भाग, जास्तीत जास्त २५ वॉट उष्णता सोसणारी, त्याचे सत्तर टक्के १७.५ वॉट, ४३० व्होल्टने भागले की ४० मिलिअँपिअर. ६एल६जीसी ३० वॉटची, म्हणून ४९. केटी८८चे ४२ वॉट धरले तर ६८ येतात, पण मी तरी पन्नासवरच थांबेन. ट्यूब बदलली म्हणून ट्रान्सफॉर्मर मोठा होत नाही. १९५९ साली आलेल्या डायनाको एसटी-७० या किटमध्ये दोन ईएल३४ मिळून एकच १५.६ ओहमचा रझिस्टर आहे. त्यावर १.५६ व्होल्ट दिसले की दोघींचे मिळून १०० मिलिअँपिअर. सोय छान, पण एक ६५ आणि दुसरी ३५ ओढत असली तरी मीटर तेच दाखवणार. अशा किटला जुळवलेली जोडीच घ्या, किंवा प्रत्येक कॅथोडला वेगळा एक ओहमचा रझिस्टर टाका.

खरेदी करताना नावाची शेपटी वाचा. १९३६ची मूळ ६एल६ १९ वॉटची, जीसी ३० वॉटची. ६५५० या केटी८८सारख्या ट्यूबेवर डोळा असेल तर ग्रिडचा रझिस्टरही तपासा: ईएल३४ फिक्स्ड बायसवर (वेगळ्या पुरवठ्यातून येणाऱ्या बायसवर) पाचशे किलोओहम चालवून घेते, ६५५०ची मर्यादा पन्नास. केटी८८ जाडीला जास्त असते, तेव्हा शेजारच्या ट्यूबेला काच टेकत नाही ना, हे पट्टीने मोजा.

टेबलावर मीटर, त्याच किमतीचे दोन फ्यूज आणि स्पीकरऐवजी लावायला आठ ओहमचा मोठा रझिस्टर असू द्या. आउटपुट मोकळं ठेवून अँप कधीच चालवू नका. जुन्या ट्यूबा बुडाला धरून सरळ वर ओढा. काचेला धरून पिळलंत तर मधली खुंटी तुटते, आणि खुंटीवाचून ट्यूब आठ प्रकारे बसू शकते. कोणती ट्यूब कोणत्या सॉकेटातली आणि तिचा बायस किती होता, ते तिच्या खोक्यावर लिहून खोकी हाताशी ठेवा.