टी-५५ 'आपला' करताय? मग या चुका टाळा

प्लॅस्टिक मॉडेलचं किट सोव्हिएत टी-५५ रणगाड्याचं असतं, खोक्यावरचं चित्र युरोपातल्या कुठल्यातरी रस्त्यावरचं असतं, आणि आपल्याला हवा असतो १९७१ चा भारतीय रणगाडा. मग बहुतेक जण हिरवा रंग मारतात, आपल्या सैन्याच्या खुणा चिकटवतात आणि 'झालं' म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हे खपत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच आपल्या गावात, गल्लीगल्लीत निवृत्त फौजी. गणपतीच्या आराशीत मॉडेल ठेवलं की एखादे सुभेदारमामा हात मागे बांधून ते नीट न्याहाळतात आणि विचारतात, "कुठल्या सालचा हा?" या प्रश्नाला उत्तर नसलं तर वर केलेलं बारीक काम कितीही सुबक असो, उपयोग शून्य.

साल न ठरवता करवत चालवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आणि ती बहुतेक वेळा तोफेच्या नळीवर होते. सोव्हिएत टी-५५ ची तोफ १०० मिलिमीटरची. तिचा धूर ओढून घेणारा फुगवटा नळीच्या अगदी तोंडाशी असतो. पुढे भारतीय टी-५५ वर १०५ मिलिमीटरची तोफ बसवली गेली. तिचा फुगवटा नळीच्या मधल्या भागात. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यामुळे भारतीय टी-५५ चा फोटो शोधला, मध्ये फुगवटा दिसला, की लगेच तोंडाकडचा कापून टाकतात.

पण १९७१ च्या युद्धात आपल्या टी-५४ आणि टी-५५ वर तोफ १०० मिलिमीटरचीच होती. समोर पाकिस्तानकडे चिनी टाइप-५९ होते, म्हणजे टी-५४ चीच नक्कल. लांबून दोन्ही सारखेच दिसायचे. आपलेच गोळे आपल्यावर पडू नयेत म्हणून भारतीय रणगाड्यांच्या नळीवर मधोमध एक नकली फुगवटा चढवला होता. म्हणजे १९७१ च्या रणगाड्याला तोंडाकडचा खरा आणि मधला खोटा, दोन्ही हवेत. नंतरच्या १०५ मिलिमीटरवाल्याला फक्त मधला. एवढ्या एका फरकावर मॉडेलचं साल ठरतं, आणि तोंडाकडचा एकदा कापला की १९७१ चा रणगाडा हातचा गेला. नवी नळी करण्याशिवाय मग इलाज नाही.

नकली फुगवट्यासाठी नळीवर सरकेल अशी प्लॅस्टिकची किंवा पितळेची बारीक नळी कापून घ्या. पुट्टीचे थर देत गोळा करत बसू नका, तो कधीच गोल होत नाही. कापलेल्या तुकड्याची दोन्ही टोकं भरून घ्या, नाहीतर नळीवर बांगडी चढवल्यासारखं दिसतं.

याच गोंधळाचा दुसरा प्रकार म्हणजे टाइप-५९ चं किट आणून त्याचा 'भारतीय टी-५५' करणं. टी-५४ आणि टाइप-५९ च्या बुरुजाच्या छतावर हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्याची गोल टोपी असते. टी-५५ ला ती नसते. टी-५५ करायचा असेल तर ती टोपी घासून सपाट करावीच लागेल, आणि मग बुरुजाचा ओतीव पोतही पुन्हा द्यावा लागेल. त्यापेक्षा टी-५४ च करा. तोही आपल्याकडे होताच.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन आलेले लोक वेगळीच चूक करतात. तिथलं जसंच्या तसं उतरवतात. तिथे जायलाच हवं, कारण ओतीव लोखंडाचा पोत, वेल्डिंगची शिवण, झाकणांच्या बिजागऱ्या हे फोटोत कळत नाही. बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ ला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यात होते, तो 'फामागुस्टा'ही अहिल्यानगरलाच आर्मर्ड कोरच्या केंद्रात जपून ठेवलाय. पण जपलेल्या रणगाड्यावर रंगाचे थर चढलेले असतात, सुटे भाग गेलेले असतात, काही ठिकाणी भोकं वेल्डिंग करून बुजवलेली असतात. आकार तिथून घ्या. रंग, धूळ आणि सामानाची मांडणी युद्धकाळातल्या फोटोंवरून घ्या.

नळी उद्यमबागेत करून घेताना

किटमधली नळी दोन अर्ध्या भागांची असेल तर शिवण घासताना ती लंबगोल होते. आपल्याकडे यावर सोपा उपाय आहे, कारण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथला तोटा नाही. मात्र हायड्रॉलिकचे जाडजूड भाग काढणाऱ्या टर्नरला ही पेन्सिलीपेक्षा बारीक वस्तू सांगताना दोन गोष्टी चुकतात.

पहिली, माप. मॉडेल १/३५ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं. पण टर्नरच्या हातात खऱ्या तोफेचं ड्रॉइंग देऊन "पस्तीसने भागा" म्हणू नका. भागाकार घरी करा. १०० मिलिमीटरच्या तोफेचं तोंड १/३५ मध्ये २.८६ मिलिमीटर होतं, १०५ चं बरोबर ३. सगळी मापं अशी काढून, नळीच्या लांबीवर कुठे किती जाडी हे एका कागदावर लिहून द्या.

दुसरी, नळी मध्ये जाड येणं. लांब आणि बारीक काम कटिंग टूलच्या दाबाने मागे वाकतं, त्यामुळे मधला भाग कमी कापला जातो. नळीच्या मोकळ्या टोकाला टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूचा) आधार द्यायला सांगा, शेवटचे काट अगदी हलके घ्यायला सांगा. ॲल्युमिनियमपेक्षा पितळ बरं, चिकटत नाही आणि फिनिशिंग छान येतं. तोंडाचं भोक आधी पाडून घ्यायचं की शेवटी, हे टर्नरलाच ठरवू द्या. तिथे आपलं शहाणपण नको.

प्लॅस्टिकची जाडी विसरणं

किटचा मडगार्ड साधारण एक मिलिमीटर जाड असतो. पस्तीसने गुणा: खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन सेंटिमीटर जाडीचा होईल! प्रत्यक्षात तो पातळ पत्रा. म्हणून बारीक काम करायला घेताना सुरुवात नवे भाग लावण्यापासून नाही, असलेल्या कडा पातळ करण्यापासून करा. कडेच्या आतल्या बाजूने, वरून न दिसेल असं, ब्लेड आडवं धरून खरवडा. वाकलेला मडगार्ड दाखवायचा असेल तर मलमाच्या ॲल्युमिनियमच्या ट्यूबचा पत्रा घ्या. तो हाताने वाकतो आणि वाकलेलाच राहतो.

हीच गोष्ट हाताने धरायच्या कड्यांची. प्लॅस्टिकच्या जाड कड्या काढून तार लावायची, इथवर सगळे येतात. तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून फुकट मिळते, साधारण ०.४ मिलिमीटरची पुरे. पण त्या तांब्याच्या तारेवर वार्निशचा थर असतो. तो न खरवडता चिकटवली तर फेविक्विक आणि रंग दोन्ही त्या वार्निशला धरतात, तारेला नाही, आणि बोट लागलं की सालपट निघतं. आधी पॉलिश पेपरने तार चकचकीत करून घ्या.

टी-५५ च्या उजव्या मडगार्डवर डिझेलच्या चपट्या टाक्या असतात. त्या एकमेकींना नळ्यांनी जोडलेल्या असतात, पण किटमध्ये हे बहुधा अर्धवटच दाखवलेलं असतं. इथे थोडी तार खर्च करा, फरक लगेच दिसतो. धुरांड्याचं तोंड मात्र डाव्या मडगार्डवर, मागच्या बाजूला. काजळी उजवीकडे दाखवलेली मॉडेल्सही पाहिली आहेत.

कुठला गोंद कुठे

प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला पातळ सिमेंटच, म्हणजे मॉडेलसाठीचा पातळ गोंद. ते प्लॅस्टिक वितळवून एकजीव करतं. पितळ, रेझिन, तार यांना ते काहीच करत नाही, तिथे फेविक्विक. फेविक्विकचा जोड ओढायला पक्का, पण आडवा धक्का बसला की तडकन् सुटतो. म्हणून नळीसारख्या जड भागाला आत तारेचा खिळा घालून मगच चिकटवा.

पातळ सिमेंट ब्रशने भरभरून लावणं ही नवशिक्यांची हमखास चूक. दोन भाग आधी एकमेकांना टेकवून धरा आणि ब्रशचं टोक फक्त फटीला लावा. द्रव आपोआप आत ओढला जातो. बाहेर सांडलं तर बोटाने पुसू नका, बोटाचा ठसा कायमचा उमटतो. तसंच सोडा, वाळल्यावर घासा.

रेझिनचे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवून घ्या, साच्याचं तेल राहिलं तर रंग सुटतो. वाकडी आलेली रेझिनची नळी गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. रेझिन घासताना पाणी लावून घासा आणि मास्क घाला. ती भुकटी छातीत जाणं चांगलं नाही, हे कामाच्या नादात विसरलं जातं.

सामानाच्या गुंडाळ्या आणि ताडपत्र्यांसाठी एम-सील उत्तम. फक्त हाताला पाणी लावत राहा, आणि ताडपत्री लाटताना खाली पावडर भुरभुरा.

आपला पावसाळा

बेळगावचा पाऊस एकदा लागला की भिंतींनाही बुरशी येते. या दिवसांत दोन तक्रारी हमखास.

एक: रंगावर पांढुरकी साय. लॅकरचा रंग किंवा वार्निश फवारताना थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ तिथेच बसते. रंग फुकट गेला म्हणून लगेच घासायला घेऊ नका. कोरड्या दिवशी सावकाश उडणाऱ्या थिनरचा, म्हणजे रिटार्डर मिसळलेल्याचा, अगदी हलका फवारा मारा. बहुतेक वेळा साय निघून जाते. दुसरी: फेविक्विकच्या जोडाभोवती पांढरी पावडर. हा गोंद ओलाव्यानेच आवळतो, त्यामुळे दमट हवेत त्याची वाफ अशी आजूबाजूला बसते. कमी गोंद लावा, मॉडेल बंद डब्यात ठेवू नका, हवा खेळू द्या. काचेचे दिवे अशा गोंदाने कधीच लावू नका, कायमचे धुरकट होतात.

कॉम्प्रेसरच्या पाइपात पाणी साचून मधूनच थेंब उडत असेल तर पाण्याचा सापळा लावलाच पाहिजे. गणपतीच्या कारखान्यातला स्प्रे गन मागून आणण्याची कल्पना सुचते तेव्हा आवरा. मूर्तीच्या पितांबराला लागतो तेवढा रंग एका झटक्यात रणगाड्यावर पडतो आणि वेल्डिंगची सगळी शिवण बुजते.

लाल धूळ

या भागातल्या मॉडेलांवर हमखास दिसणारी चूक म्हणजे धूळ. दिवाळीत आपण मातीचे किल्ले करतो, त्यासाठी खानापूरकडची तांबडी माती आणलेली असते. उरलेली चाळून रणगाड्याच्या चाकांभोवतीच्या पट्ट्यांवर फासली की काम झालं! मग पंजाबातल्या शकरगडच्या रणांगणातला रणगाडा जांबोटीच्या घाटातून चालत आल्यासारखा दिसतो.

पंजाबची माती नद्यांनी आणलेली गाळाची. कोरडी असताना ती फिकट, राखाडीकडे झुकणारी खाकी, ओली झाली की गडद तपकिरी. आपली तांबडी माती जांभ्याची, तिच्यातला लोखंडाचा गंज तिला रंग देतो. दोघींचा काही संबंध नाही. गोकाक, बैलहोंगल बाजूची काळी मातीही चालणार नाही. फिकट खाकी आणि थोडा राखाडी असे ड्राय पेस्टलचे खडू ब्लेडने किसून एकत्र करा.

खरी माती वापरायचीच असेल तर आणखी एक अडचण आहे. अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे १/३५ मध्ये साडेसतरा मिलिमीटरचा खडा. धूळ म्हणून लावलेली माती मॉडेलवर खडी होऊन बसते. दुहेरी मलमलीतून गाळा आणि जे खाली पडेल तेवढंच घ्या.

धुळीबरोबर गंजही आटोक्यात ठेवा. चालत्या रणगाड्याचे पट्टे गंजून लाल होत नाहीत. जमिनीला आणि चाकांना घासणाऱ्या कडा उलट चकाकतात.

पट्टे, चाकं, स्टिकर

टी-५५ ला वरचा पट्टा उचलून धरणारे छोटे रोलर नाहीत. वरचा पट्टा सरळ चाकांवर टेकतो आणि चाकांच्या मध्ये झोळ खातो. ताणून बसवलेला सरळ पट्टा दिसला की मॉडेल लगेच खेळणं वाटतं. पहिल्या आणि दुसऱ्या चाकामधलं अंतर बाकीच्यांपेक्षा जास्त असतं. चाकं अदलाबदल करताना ते जपा.

जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे पट्टे रंग न लावता चाकांवर चढवून ठेवले तर त्यांतलं तेल सुटतं आणि चाकांचं प्लॅस्टिक हळूहळू वितळतं. चाकं आणि पट्टे दोन्हीवर रंगाचा थर हवाच. पट्टा ताणात असताना टर्पेंटाइनचे पातळ हात भरपूर दिले तर चाकांचे आस तडकतात, म्हणून हे काम पट्टा चढवण्याआधी उरका.

घरच्या इंकजेटवर पांढरी अक्षरं छापता येत नाहीत, कारण त्यात पांढरी शाई नसते. पांढऱ्या स्टिकर कागदावर आजूबाजूचा हिरवा छापून काम भागवाल, पण तो हिरवा तुमच्या रंगाशी कधी जुळणार नाही. आकडे पातळ पत्र्यात कोरून स्टेन्सिल करा आणि रंगवा. स्टिकर लावायचेच असतील तर खाली आधी चकचकीत वार्निश मारा. मॅट रंगावर लावले की खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक दिसते. तशी झाक आलीच असेल तर स्टिकरला सुईने बारीक टोचे मारा, वरून मऊ करणारं द्रव लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका.