व्हेरिगेटेड आयव्ही हिरवी पडतेय? या चुका टाळा

साधी हिरवी आयव्ही बरंच काही सहन करते, म्हणून पांढऱ्या-पिवळ्या कडांची, म्हणजे व्हेरिगेटेड, आणली की लोक तिलाही तसंच वागवतात. पण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसतंच, त्यामुळे ही वेल हळू वाढते, तिला उजेड जास्त लागतो आणि पाणी-खत कमी, आणि आपण बरोबर उलटं करतो, अंधाऱ्या कोपऱ्यात टांगतो आणि रोज पाणी ओततो!

उजेड कमी पडला की नवीन पानं हिरवट येतात, दोन पानांमधलं अंतर वाढतं. मग घाबरून थेट दुपारच्या उन्हात ठेवू नका, पांढरा भाग आधी करपतो. सकाळचं कोवळं ऊन किंवा दिवसभर स्वच्छ उजेड बास.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मधेच आलेली पूर्ण हिरवी फांदी "वाढतेय ना, वाढू दे" म्हणून ठेवणं. ती जास्त अन्न बनवते, भराभर वाढते आणि थोड्याच दिवसांत अख्खी कुंडी हिरवी! दिसली की लगेच कापा, नुसता शेंडा नाही, मागे जिथे दोन रंगांची पानं आहेत तिथपर्यंत. जमिनीत लावलेली असेल तर बुंध्याजवळ पण बघत जा, आतून निघालेल्या फांद्या पटकन दिसत नाहीत. कापताना हातमोजे घाला, आयव्हीच्या चिकात फाल्कॅरिनॉल नावाचं रसायन असतं, काहींच्या त्वचेला चांगलीच खाज सुटते. नायट्रोजनवालं खत पण सारखं देऊ नका, मऊ लुसलुशीत हिरवी वाढ होते नुसती.

पाण्याचं म्हणाल तर वरची इंचभर माती सुकल्यावरच द्या, कुंडीखालच्या ताटलीत साचू देऊ नका. मुळं कुजली की पानं काळपट पडून मान टाकतात, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून घालतात, झालं!

पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी दिसली तर ती कोळी कीड, गरम कोरड्या हवेत हमखास येते. पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग नीम ऑइल. पण पाणथळ डाग आणि भोवती पिवळं कडं असेल तर तो बॅक्टेरियाचा रोग, तिथे पानं ओली करणंच बंद करा, डागाळलेली खुडून टाका.

कटिंग घ्यायची तर दोन्ही रंग असलेल्याच फांदीची घ्या, पूर्ण पांढऱ्या शेंड्याची कितीही सुंदर दिसली तरी जगत नाही.